गोव्यातलं घर पर्यटकाला द्यावं की भाडेकरूला? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गोव्यात घर रिकामं आहे असं कुणाला कळलं की सल्ला ठरलेला असतो: 'ऑनलाइन टाका, डिसेंबरात पैसे सुटतील.' सल्ला देणारा डिसेंबरबद्दल बोलतो. जुलैबद्दल कुणी बोलत नाही. रात्री अकरा वाजता पाहुण्याला गेटची किल्ली सापडत नाही तेव्हा फोन कोण उचलणार, हेही कुणी विचारत नाही.

हा लेख अशा लोकांसाठी आहे ज्यांनी अजून एकही रात्र घर भाड्याने दिलेलं नाही. डिचोलीत वाडवडिलांचं घर आहे आणि मुलं पुण्याला स्थायिक झालीत, असे काही. पर्वरीला दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन ठेवलेलं कोल्हापूरचं जोडपं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यावर पेडण्यात वरचा मजला चढवलेले. प्रश्न सगळ्यांचा एकच: रात्रीच्या दराने द्यायचं की महिन्याच्या भाड्याने? दर किती मिळतो हे सगळ्यात शेवटी पाहायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पाहायचं ते घराचे कागद, आणि अर्ध्या तासात त्या घरी पोहोचू शकणारं तुमचं माणूस. कागद अपुरे असतील तर दोन्ही वाटा अडतात. माणूस नसेल तर पर्यटकांची वाट सोडून द्या.

पहिलं काम: घर नक्की कुणाचं, ते कागदावर पाहा

महाराष्ट्रातून आलेल्यांना सातबारा ठाऊक असतो. गोव्यात खेडेगावच्या जमिनीसाठी तेच काम एक-चौदाचा उतारा करतो, आणि शहरी भूमापन झालेल्या भागात फॉर्म डी. तो काढा आणि कब्जेदाराच्या रकान्यात कुणाची नावं आहेत ती वाचा. जुन्या घरांच्या बाबतीत तिथे बहुधा आजोबांचं नाव असतं, कधी आजोबांच्या भावांचंही. आजोबा गेले, भाऊ गेले, त्यांची मुलं मुंबई-लंडनला गेली, आणि तुम्ही एकटे त्या घराची घरपट्टी भरताय. घरपट्टी भरल्याने घर एकट्याचं होत नाही. वारसांची वाटणी झाली नसेल तर ते सगळे सहमालक असतात, आणि गोव्यात ही वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप ठरवण्याच्या न्यायालयीन कारवाईतून होते. त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आहे. ती कारवाई पुरी व्हायला वेळ लागतो. तोवर निदान सगळ्या सहमालकांचं लेखी ना हरकत पत्र घेऊन ठेवा. घरात पाहुणे यायला लागले, पैसे दिसायला लागले की आजवर गप्प असलेले चुलतभाऊ पंचायतीत तक्रार घेऊन उभे राहतात. हे गोव्यात गावोगाव घडतं.

दुसरी गोष्ट बाहेरून आलेल्यांना माहीतच नसते. गोव्यात सर्व धर्मीयांसाठी समान नागरी कायदा आहे, त्याची मुळं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत. लग्न होताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून गोमंतकीय मालक एकटा करारावर सही करत असेल तर ती पुरेशी मानू नका. पती-पत्नी दोघांच्या सह्या घ्या. तुम्ही स्वतः मालक असाल तरी हेच.

घर मुंडकाराचं असेल, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचं, तर आधी मामलेदाराकडे मुंडकारीचा विषय पूर्ण करून घर आणि आजूबाजूची जागा रीतसर नावावर करून घ्या. १९७५ चा मुंडकार कायदा राहणाऱ्याला संरक्षण देतो. व्यवसायासाठी ते संरक्षण वापरायला गेलात तर वाद ओढवून घ्याल.

मालक परदेशात राहत असेल तर त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र घ्या, आणि त्यात 'भाड्याने देणे, नोंदणी करणे, भाडे स्वीकारणे' हे अधिकार शब्दशः लिहून घ्या. 'देखभाल करणे' एवढ्याने भागत नाही.

दुसरं काम: बांधकाम कायदेशीर आहे का

तीन कागद हवेत: जमिनीची रूपांतर सनद (जमीन बिगरशेती झाल्याचा कागद), पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, आणि निवास दाखला, ज्याला सगळे ऑक्युपन्सी म्हणतात. फार जुन्या घरांना यातलं काही नसतं. तिथे जुनी घरपट्टी, भूमापन नकाशावर दिसणारं घर आणि वीजजोडणीच्या नोंदी यावर काम चालवावं लागतं. नवीन बांधकामाला मात्र सबब नाही. पंचायत घरपट्टी घेते म्हणजे बांधकाम अधिकृत झालं हा समज चुकीचा आहे. अनधिकृत घरालाही कर लागतो.

समुद्र, नदी किंवा खाडीजवळ घर असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम पाहा. गोव्यात खाऱ्या पाण्याची भरती नद्यांतून बरीच आतपर्यंत येते, त्यामुळे समुद्रापासून कित्येक किलोमीटर दूर, नदीकाठच्या वाड्यावरचं घरही या पट्ट्यात सापडू शकतं. असलेलं घर आहे तसं वापरणं एक गोष्ट. पर्यटकांसाठी मागे एक खोली वाढवणं, गच्चीवर पत्रे टाकून 'कॉटेज' करणं ही वेगळी गोष्ट. किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय विटेवर वीट ठेवू नका. पाडण्याचे आदेश आलेल्या अशा बांधकामांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

फ्लॅट असेल तर सोसायटीची उपविधी वाचा आणि सचिवांशी समोरासमोर बोला. काही सोसायट्या महिन्याच्या भाडेकरूला हरकत घेत नाहीत, पण दर तीन दिवसांनी बदलणारे चेहरे त्यांना नको असतात. आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. लिफ्टमध्ये रोज अनोळखी माणूस भेटणं लहान मुलं असलेल्या घराला आवडत नाही. ना हरकत पत्र मिळालं नाही तर चोरून चालवू नका.

तिसरं काम: वहीत हिशेब मांडा

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या घराचे घालून बघा, पण रीत हीच ठेवा.

पर्वरीचा दोन बेडरूमचा फ्लॅट महिन्याला २५,००० रुपयांना जातो असं धरू. वर्षात एक महिना रिकामा गेला तर ११ महिन्यांचे २,७५,००० रुपये. वीज, पाणी, इंटरनेट भाडेकरू भरतो.

आता तोच फ्लॅट रात्रीला ३,००० रुपयांनी, वर्षात १४० रात्री गेला. जमा ४,२०,०००. यातून बुकिंग कंपनीचा वाटा १५ टक्के धरला तर ६३,०००. एक पाहुणा सरासरी तीन रात्री राहिला तर वर्षात ४७ वेळा साफसफाई आणि धुलाई. दर वेळी ८०० रुपये म्हणजे ३७,६००. लक्ष ठेवणाऱ्याला महिना ६,०००, वर्षाचे ७२,०००. वीज, पाणी, वायफाय मिळून महिना ५,०००, वर्षाचे ६०,०००. फुटलेले ग्लास, डागाळलेल्या चादरी, एसीची दुरुस्ती, नळ, कुलपं: ३०,०००. खर्च २,६२,६००. हातात उरले १,५७,४००. एवढी धावपळ करून महिन्याच्या भाड्यापेक्षा लाखाहून अधिक कमी.

रात्री २०० झाल्या तर? जमा ६,००,०००. खर्च याच रीतीने वाढून सव्वातीन लाखांच्या आसपास जातो, आणि पावणेतीन लाख उरतात. म्हणजे महिन्याच्या भाड्याशी बरोबरी होते, इतकंच. २०० रात्री म्हणजे पावसाळा धरून वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस घर भरलेलं. नव्या माणसाने पहिल्या वर्षी एवढ्या रात्री गृहीत धरू नयेत.

पण याच हिशेबात एक बदल करा. तुम्ही स्वतः खालच्या मजल्यावर राहता, साफसफाई आणि देखरेख घरचीच. मग १४० रात्रींतच २,६७,००० हातात राहतात. मला नवख्यांना सांगायचंय ते इथे आहे: पर्यटकांना घर देणं मालक घरात असेल तर परवडतं. दूर बसून फोनवर चालवणाऱ्याचा नफा मधली माणसं खातात. पुण्यात राहून गोव्यातला फ्लॅट रात्रीच्या दराने चालवायचा विचार असेल तर वरची बेरीज-वजाबाकी पुन्हा एकदा करा.

पर्यटकांना द्यायचं ठरवलंत तर

पर्यटन खात्याची नोंदणी हवी. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ चा आहे, आणि पैसे घेऊन पर्यटकाला निवास देणारा प्रत्येकजण त्याच्या कक्षेत येतो. मोठं हॉटेल असो, व्हिला असो की घरातल्या दोन खोल्या. 'आम्ही हॉटेल थोडेच आहोत' हे उत्तर चालत नाही. अर्ज गोवा ऑनलाइन पोर्टलवरून होतो. मालकीचे कागद, घरपट्टीची पावती, निवास दाखला, खोल्यांचा नकाशा, ओळखपत्र, सहमालकांची आणि सोसायटीची पत्रं एकत्र स्कॅन करून तयार ठेवा. नोंदणी क्रमांक मिळाला की तो ऑनलाइन जाहिरातीत टाका आणि घरात दर्शनी भागात प्रमाणपत्र लावा.

मालक घरातच राहतो आणि एक ते सहा खोल्या देतो, अशांसाठी केंद्राची 'इन्क्रेडिबल इंडिया' बेड अँड ब्रेकफास्ट व होमस्टे योजना आहे. त्यात सिल्व्हर आणि गोल्ड अशा दोन श्रेणी आहेत. राज्य सरकारनेही किनारपट्टी सोडून अंतर्भागात पर्यटन जावं म्हणून होमस्टेचं धोरण आणलंय. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे इथल्या घरांनी पर्यटन खात्यात जाऊन त्याची नक्की चौकशी करावी. वाळपईच्या बाजूला कुळागर (माडा-पोफळीची बाग) असलेल्या घरात राहायला येणारा पाहुणा कळंगुटला येणाऱ्या पाहुण्यापेक्षा वेगळा असतो. तो सकाळी लवकर उठतो, माडाखाली बसतो, जेवणाचं विचारतो. अशा घरांना माझा सगळ्यात जास्त पाठिंबा आहे.

जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या. दारू विकायला अबकारी खात्याचा परवाना लागतो, तेव्हा फ्रीजमध्ये बियर ठेवून बिलात लावू नका. आणि घरची स्कूटर पाहुण्याला पैसे घेऊन देऊ नका. भाड्याच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

पर्यटन खात्यानंतर पंचायत किंवा पालिका. व्यवसाय परवाना, कचरा शुल्क, घरपट्टीच्या वर्गात बदल ही सगळी कामं तिथलीच. सचिवांना भेटायला जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोचशिक्का घ्या. तोंडी 'चालेल' यावर विसंबू नका. पंच बदलतात, सचिवांची बदली होते, शिक्का तेवढा राहतो.

वीज खातं बहुतेक जण विसरतात. घरगुती जोडणीवर व्यवसाय चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. जोडणीचा वर्ग बदलून घेण्याचा अर्ज नोंदणी मिळताच करा. पाण्याच्या जोडणीचंही तसंच.

आता पाहुण्यांची नोंद. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र बघा आणि नोंदवहीत नाव, पत्ता, आल्याची-गेल्याची वेळ लिहा. बुकिंग एकाच्या नावावर आणि येतात सहा जण, असं होतं, तेव्हा सहाही जणांची नोंद करा. आधारची प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेली मागा, आणि त्या प्रती व्हॉट्सॲपच्या गटात फिरवू नका.

परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायची. लोक अजून त्याला 'सी फॉर्म'च म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, आल्याची तारीख, पुढे कुठे जाणार हे सगळं त्यात येतं. त्यासाठी आधी घरमालक म्हणून प्रणालीवर खातं उघडावं लागतं. पाहुणा दारात उभा असताना ते उघडायला बसू नका, हंगामाआधीच उघडून ठेवा. ही जबाबदारी दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी आहे तशी सहा महिन्यांच्या परदेशी भाडेकरूसाठीही आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले आपले गोमंतकीय बांधवही कागदावर परदेशी नागरिकच असतात. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी फॉर्म भरा. ओळखीचा माणूस आहे म्हणून संकोच नको.

जीएसटीचं थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की गोव्यात नोंदणी लागते. ही मर्यादा पॅन क्रमांकावर मोजली जाते. म्हणजे पुण्यातल्या दुकानाची विक्री आणि गोव्यातल्या खोलीचं भाडं एकाच पॅनवर असेल तर दोन्हीची बेरीज होते. खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून कर ५ टक्के आहे, त्यावर असेल तर १८ टक्के. तुम्ही मर्यादेच्या खाली असून ऑनलाइन कंपनीमार्फत बुकिंग घेत असाल तर त्या बुकिंगवरचा कर कंपनीच गोळा करून भरते. कंपनीचे महिन्याचे तपशील उतरवून फाइल करत चला. मार्चअखेर सीएंकडे जाताना तुमच्या आठवणीवर भागणार नाही.

महिन्याच्या भाड्याने द्यायचं ठरवलंत तर

गोव्यात चांगला भाडेकरू शोधायला कळंगुट-बागाकडे बघू नका. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ताळगावचं विद्यापीठ, झुआरीनगरचं बिट्स, फर्मागुढीची आयआयटी, कुंकळ्ळीचं एनआयटी, वेर्ण्याची औद्योगिक वसाहत आणि आता मोपाचा विमानतळ. या ठिकाणांभोवती बारा महिने घरं लागतात. डॉक्टर, प्राध्यापक, औषध कंपनीतला कर्मचारी, विमानतळावरचा तरुण. यांना समुद्र दिसला नाही तरी चालतं. पाणी, पार्किंग आणि कामाला वेळेत पोहोचणं हवं असतं.

करार करताना महाराष्ट्राच्या सवयी बाजूला ठेवा. तिकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे लीव्ह अँड लायसन्सचा (भाडेपट्टा न देता फक्त राहायची परवानगी देणारा) प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, आणि मुदत संपली की घर रिकामं करून घेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद वाट आहे. तो कायदा गोव्याला लागू नाही. इथे १९६८ चा गोवा इमारत (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. या कायद्याखाली भाडेकरू ठरलेल्या माणसाला काढायचं तर भाडं थकणं, परस्पर दुसऱ्याला देणं, वापर बदलणं अशी कायद्यात दिलेली कारणं दाखवून भाडे नियंत्रकापुढे जावं लागतं. पणजी-मडगावच्या जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्यावर बसलेली दुकानं आणि बिऱ्हाडं आहेत, ती याच कायद्याच्या छायेत.

म्हणून इथे बहुतेक जण ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार करतात. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे उपनिबंधकाकडे नोंदवावा लागतो, हेही त्यामागचं एक कारण. पण कागदाच्या डोक्यावर 'लायसन्स' लिहिलं म्हणून ते लायसन्स होत नाही. वाद झाला तर न्यायालय प्रत्यक्ष व्यवहार बघतं: घराचा पूर्ण ताबा दिला होता का, मालकाला आत यायचा हक्क राहिला होता का. त्यामुळे गोव्यातल्याच वकिलाकडून करार लिहून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेला महाराष्ट्राचा किंवा दिल्लीचा नमुना वापरू नका. वकिलाची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

करारात या गोष्टी नावानिशी हव्यात: कोण राहणार, किती जण, अनामत किती आणि परत कधी, वीजबिल कोण भरणार, पावसाळ्यात गळती झाली तर किती दिवसांत दुरुस्ती, दोन्ही बाजूंनी सोडण्याची सूचना किती महिन्यांची. आणि एक कलम ठळक: भाडेकरूने हे घर पुढे पर्यटकांना ऑनलाइन देऊ नये. चांगलं घर महिन्याने घेऊन रात्रीच्या दराने फिरवणारे लोक गोव्यात आहेत. पर्यटन खात्याची नोटीस आली तर ती घरमालकाच्या दारात येते.

घरातल्या वस्तूंची यादी फोटोंसह करा आणि दोघांनी सही करा. मीटरचं वाचन लिहा.

भाडेकरूची पोलीस पडताळणी सक्तीची आहे. घर ज्या पोलीस स्थानकाच्या हद्दीत येतं तिथे ठरलेला फॉर्म, भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता आणि कराराची प्रत द्यायची, आणि पोच जपून ठेवायची. किल्ली देण्याआधी हे करा. 'ओळखीचा आहे', 'आमच्याच गावचा आहे' असं म्हणून टाळू नका. पुढे काही घडलं तर पहिली चौकशी घरमालकाचीच होते.

करांचा भाग इथे हलका आहे. स्वतः राहणाऱ्या माणसाला राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी घर घेतलं तर कर कंपनी भरते, तुम्ही नाही. भाडं महिना ५०,००० रुपयांवर गेलं तर भाडेकरूला २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो. मालक अनिवासी असेल तर गोष्ट एकदम बदलते. भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूने ३० टक्क्यांच्या वर कर कापून सरकारला भरायचा असतो. लंडनच्या काकांचं घर पर्वरीत भाड्याने घेणाऱ्या तरुणाला हे कुणी सांगत नाही, मग वर्षाने दोघांनाही नोटीस येते. करार करतानाच सीएंना विचारा.

मधली वाट

एक ते सहा महिने राहणारे लोक गोव्यात वाढलेत: लॅपटॉपवर काम करणारे, थंडीसाठी येणारे परदेशी ज्येष्ठ नागरिक, गोवा मेडिकल कॉलेजात उपचार चालू असलेल्या रुग्णांचे नातेवाईक, घराचं नूतनीकरण चालू असलेली कुटुंबं. महिन्याने बदलणारा पाहुणा म्हणजे वर्षात दहा-बारा वेळा साफसफाई, ४७ वेळा नाही. दर रात्रीच्या हिशेबाने कमी, पण महिन्याच्या भाड्याहून बराच वर. मालक गोव्यात आहे पण रोज पाहुणे सांभाळायची ताकद नाही, अशा निवृत्त जोडप्यांना मी हीच वाट सुचवेन.

कागदाच्या दृष्टीने मात्र ही वाट निसरडी आहे, कारण ती दोन्हींच्या मधे पडते. पाहुणा पर्यटक म्हणून आला असेल तर पर्यटन खात्याची नोंदणी हवी. राहायला आला असेल तर करार आणि पोलीस पडताळणी. शंका असेल तर दोन्ही करा. माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत आणि सलग किमान ९० दिवस राहणाऱ्याच्या निवासावर जीएसटीची सूट आहे. विद्यार्थी आणि नोकरदारांना खोल्या देणाऱ्यांना ती उपयोगाची पडते.

टाकी, विहीर आणि शेजार

गोव्यातल्या बहुतेक गावांत सांडपाण्याची वाहिनी नाही. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. चार माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली टाकी आठ पाहुण्यांचं पाणी झेलत नाही, आणि ती भरली की घाण शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपते. हा मला सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो, कायद्याच्या कलमांपेक्षाही. किनाऱ्याजवळच्या गावांतल्या कित्येक विहिरी अशा नासल्या आहेत. घर पर्यटकांना देण्याआधी टाकी उपसून घ्या, तिचं माप काढा आणि तेवढीच माणसं घ्या. सहा जणांची टाकी असेल तर जाहिरातीत 'कमाल सहा' लिहा आणि सातव्याला नाही म्हणा.

मे महिन्यात नळाला पाणी कमी येतं. टँकरचा खर्च वहीत धरा. स्विमिंग पूल बांधायचा मोह होत असेल तर आधी शेजारच्या विहिरीचं मे महिन्यातलं पाणी वाकून बघा.

आवाजाचा नियम साधा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. आसगाव, हणजूण, वागातोरच्या लोकांनी यासाठी किती तक्रारी केल्यात ते वर्तमानपत्रांत येतच असतं. हा नियम बुकिंग होण्याआधी पाहुण्याला लेखी पाठवा. आल्यावर सांगितला तर भांडण होतं. लग्नाची पार्टी, बॅचलर पार्टी नको असेल तर तसं जाहिरातीत लिहा. काही बुकिंग जातील. जाऊ द्यात.

कचरा ओला-सुका वेगळा करून पंचायतीच्या गाडीच्या दिवशीच बाहेर ठेवायचा. पाहुणे रविवारी निघतात आणि गाडी बुधवारी येते, मधे कुत्री पिशव्या फाडतात. झाकणाचे मोठे डबे आणि ते सांभाळणारा माणूस लागतोच.

पहिला पाहुणा येण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांना सांगा: आम्ही घर देतोय, हा माझा नंबर, काही त्रास झाला तर पोलिसांआधी मला फोन करा. आणि फोन आला की उचला. वाड्यावर पालखी, उत्सव, कुणाच्या घरी सुतक असेल तर पाहुण्यांना आधीच कळवा. चवथीला (गणेशचतुर्थीला) आपल्याच घरची माणसं मुंबई-पुण्याहून येतात, त्या दिवसांचं बुकिंग वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून ठेवा.

कामाचा क्रम असा ठेवा: फेब्रुवारी-मार्चमध्ये कागद आणि सह्या, एप्रिलमध्ये अर्ज, पावसाआधी छप्पर आणि टाकी, पावसाळ्यात गळती कुठे होते ते बघून दुरुस्ती, ऑक्टोबरात पहिला पाहुणा. पावसाळा एकदा पाहिल्याशिवाय घर देऊ नका. जुलैत बुरशी येणारी भिंत ऑक्टोबरात रंगाखाली लपते आणि पुढच्या जुलैत पाहुण्याच्या तक्रारीत उघडी पडते.

आणि वर्षभराने मन बदललं, पर्यटकांऐवजी भाडेकरू ठेवायचा ठरला, तर आधी ऑनलाइन जाहिराती उतरवा, पुढची बुकिंग रद्द करून पैसे परत करा, पर्यटन खात्याला आणि पंचायतीला व्यवसाय बंद केल्याचं लेखी कळवा, आणि वीजजोडणी परत घरगुती वर्गात करून घ्या. नंतर करार.